घाट त्यांचा, रस्ता कुणाचा?

बैल जिवंत असेपर्यंत पाटलाचा. मेला की आमचा.

माझा आजा यात्रेच्या दिवशी हे हमखास बोलायचा. आमच्या जुन्नर-आंबेगावच्या शर्यतींचा अर्धा इतिहास एवढ्यात आला. उरलेला अर्धा लिहायला मी बसलोय. मी इतिहासाचा मास्तर नाही. सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा असतो, तुटलेले धागे जोडतो. पाळी संपली की वाचतो, कविता लिहितो. शाळा दहावीपाशी सुटली. पण धागा कुठं तुटला ते बघायची सवय डोळ्याला लागलीय, तीच इथं वापरतो.

मामला साधा आहे. मागच्या भीमजयंतीला आमच्या वस्तीतल्या पोरांनी सायकलींची शर्यत लावली. ती फसली. यंदा परत लावायची का नाही, यावर वस्तीत दोन तट पडलेत. म्हातारी माणसं म्हणतात, "आपल्याला ना घाट, ना मैदान. कशापायी पोरांचे हातपाय मोडायचे?" पोरं म्हणतात, लावायचीच. मी पोरांच्या बाजूचा. पण नुसतं बाजूचा असून भागत नाही. बाबासाहेबांच्या माणसाला पुरावा द्यावा लागतो. तो गोळा करताना जे हाती लागलं ते मित्रांपुढं ठेवतो. गावाचं नाव लिहीत नाही. तुमच्या गावाचं घाला, फार फरक पडणार नाही.

१

बाहेरच्या मित्रांना आधी घाट म्हणजे काय ते सांगतो. जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर, मावळ या भागात यात्रेचा घाट म्हटला की डोंगरातली वाट कुणाच्या मनात येत नाही. बैलगाडे पळवायचा चढाचा सरळ पट्टा, तो घाट. दोन्ही अंगाला माणूस दाटलेला. एका वेळी एकच गाडा सुटतो, त्याला म्हणायचं बारी. गाड्याला बैल, पुढं घोडी, आणि वर पोचेस्तोवर हातात घड्याळ धरलेला माणूस. काही सेकंदांचा सगळा खेळ. इथं कुणी कुणाला खेटून पळत नाही. पळायचं ते घड्याळाशी. सगळ्यात कमी वेळात वर गेला तो घाटाचा राजा. ही घड्याळाची गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं कामाला येणार आहे.

पौष पौर्णिमेला आंबेगाव तालुक्यातल्या थापलिंगाच्या खंडोबाला जा. नाहीतर चैत्र-वैशाखात कुठल्याही गावच्या यात्रेला जा. भोंग्यावर नाव पुकारतात ते गाडामालकाचं. फेटा त्याला, ढाल त्याला, मोटारसायकल त्याला. बैल पळतो आणि मालक जिंकतो. मालक व्हायला काय लागतं? जमीन लागते. शर्यतीचा बैल नांगराला जुंपत नाहीत. त्याला बसून खुराक घालावा लागतो. ज्याच्या घरात पोराला दूध नाही तो बैलाला काय पाजणार? तेव्हा घाटावर आमच्या माणसाला कुणी काठी घेऊन अडवायची गरजच पडत नाही. सातबाराच अडवतो.

पण घाटावर आम्ही नव्हतो असं म्हणू नका. वेसण आणि कासरा वळला मांगाने. चाबकाची वादी कापली चांभाराने. हलगी कडाडली ती मांगाच्या हातात. दवंडी दिली महाराने, राबणूक केली महाराने. आणि तोच बैल म्हातारा होऊन गोठ्यात मेला की तो ओढून गावाबाहेर न्यायचा, सोलायचा, तेही महारानेच. आज्याच्या वाक्याचा अर्थ हा.

ही कामं वतन म्हणून गळ्यात बांधलेली होती. २० मार्च १९२७ ला महाडच्या चवदार तळ्यावर बाबासाहेब गेले, त्याच परिषदेत मेलेली ढोरं ओढायची नाहीत, मेलेलं मांस खायचं नाही, हे आपल्या माणसांना सांगितलं गेलं. त्यापायी गावोगाव आमच्या लोकांनी बहिष्कार सोसला. कनिष्ठ वतनं रद्द करणारा कायदा यायला १९५८ साल उजाडलं. आणि हे सगळं जुनं झालं असं वाटत असेल तर ११ जुलै २०१६ आठवा. गुजरातेत उनाला मेलेल्या गाईचं कातडं काढणाऱ्या आपल्या पोरांना गाडीला बांधून भर रस्त्यात मारलं. मेलेलं जनावर आमच्या गळ्यात घालायचं, आणि ते आमच्या हातात दिसलं म्हणून आम्हालाच मारायचं.

आता घाटाच्या कायद्याचा इतिहास बघा. जुलै २०११ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढली आणि बैलाचे खेळ बंद झाले. ७ मे २०१४ ला सुप्रीम कोर्टाने बंदी कायम केली. २०१७ मध्ये महाराष्ट्राच्या विधिमंडळाने कायद्यात दुरुस्ती केली, ती हायकोर्टात अडकली. १६ डिसेंबर २०२१ ला सुप्रीम कोर्टाने अटी घालून परवानगी दिली. १८ मे २०२३ ला पाच न्यायाधीशांच्या घटनापीठाने राज्याचा कायदा वैध ठरवला. चाबूक, टोचणी, छळ यांवर कोर्टात जे बोललं गेलं त्याच्याशी माझं भांडण नाही, मुक्या जिवाचं दुःख बुद्धाच्या माणसाला कळलंच पाहिजे. मला दुसरीच गोष्ट दिसते. एका खेळासाठी बारा वर्षं सगळ्या पक्षांचे पुढारी एका तोंडाने बोलले. मोर्चे निघाले, वकील लागले, विधानसभा हलली, दिल्ली हलली. आज जिल्हाधिकाऱ्याची परवानगी काढून घाट भरतात.

जमीनवाल्याचा खेळ बंद पडला तर ती परंपरा बुडाली. आमच्या पोरांना खेळच नाही, त्याला काय म्हणायचं?

२

गाडीच्या चाकाचं आणि आपलं नातं काय, ते बाबासाहेबांच्या आयुष्यातच दोनदा उघडं पडलंय. दोन्ही हकिकती त्यांनी स्वतः लिहून ठेवल्यात.

पहिली १९०१ सालची. सातारा जिल्ह्यातलं मसूर स्टेशन. भीमराव नऊ-दहा वर्षांचा, बरोबर भाऊ आणि भाचे. वडिलांकडं निघालेली पोरं, अंगावर चांगले कपडे. ही महाराची आहेत म्हटल्यावर एकही गाडीवान बैलगाडीत घेईना. शेवटी एकजण तयार झाला. भाडं दुप्पट, आणि गाडी पोरांनीच हाकायची. गाडीवान बाजूने चालणार. गाडी त्याची, बैल त्याचे, पैसे दुप्पट, आणि विटाळ पोरांचा. रात्रभर पोरांना पाणी मिळालं नाही.

दुसरी १९२९ सालची, चाळीसगावची. आता ते लहान पोर नव्हते. बॅरिस्टर होते, सरकारने नेमलेल्या चौकशी समितीचे सभासद होते. स्टेशनवरून महारवाड्यात जायला टांगा पाहिजे. टांगेवाले म्हणाले, महाराला बसवून आम्ही हाकणार नाही. महारवाड्यातल्या माणसांना वाटलं, आपल्या साहेबाला पायी न्यायचं तरी कसं? त्यांनी नुसता टांगा भाड्याने घेतला आणि आपल्यातलाच एकजण हाकायला बसवला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. पुलावर चाक दगडांत अडकलं. बाबासाहेब फरशीवर फेकले गेले, पाय मोडला. घोडा आणि टांगा खाली नदीत.

ही दुसरी हकिकत मी कितीतरी वेळा वाचली. ज्याच्या हातात कधी लगामच दिला नाही त्याच्या हातात तो एकाएकी आला, की असं होतं. मग जग म्हणतं, बघा, ह्यांना जमत नाही. पण दोष कुणाचा? हाकणाऱ्याचा, का त्याला कधी हाकू न देणाऱ्यांचा? आणि तरी पाय मोडला तो आपल्याच माणसाचा, हेही खरं. दोन्ही गोष्टी एकदम डोक्यात ठेवायला शिकलं पाहिजे. आमच्या फसलेल्या शर्यतीचा विचार करताना मला ही हकिकत सोडत नाही.

३

सायकल आमच्या घरात आजाने आणली. आजा लालबागला गिरणीत होता. कापडखात्यात, म्हणजे साच्यांवर, आमच्या लोकांना पूर्वी घेत नसत. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागायचा, आणि महाराचं तोंड लागलेला धोटा बाकीच्यांना चालत नव्हता. पगार जास्त तिथंच. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांच्या तोंडावर फेकला होता. आजाच्या वेळेला ते बरंच ढिलं झालं होतं, तरी त्याचं आयुष्य सूतखात्यातच गेलं. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला आणि अडीच लाख गिरणी कामगारांबरोबर आजाही रस्त्यावर आला. परत गेला तो गावालाच. मुंबईची कमाई म्हणून त्याच्याजवळ एक ट्रंक आणि एक सायकल. एस्टीच्या टपावर घालून आणलेली, काळी, बावीस इंची.

सायकल ही अजब चीज आहे. तिला चारा लागत नाही, जमीन लागत नाही. कुणी गाडीवान लागत नाही, त्यामुळं कुणी नाही म्हणू शकत नाही. बसणारा आणि हाकणारा एकच. पण आजा चावडीपाशी आला की खाली उतरायचा. हातात धरून चालत जायचा, पुढं गेला की परत टांग मारायचा. कुणी सांगितलं नव्हतं. अंगातच मुरलं होतं. माझा बाप तेव्हा लहान, पुढं दांडीवर बसलेला. एक दिवस त्यानेच विचारलं, "दादा, इथं रोज का उतरायचं?" आजाला उत्तर सुचलं नाही. त्या दिवसापासून तो उतरला नाही. दोन-चार दिवस लोकांनी रोखून बघितलं, मग सोडून दिलं. आमच्या घराण्याचा महाड म्हणायचा तर हा एवढाच. पण झाला.

त्या काळात गावोगाव सायकलवाले यायचे. मैदानात बांबू रोवून, भोंगा लावून सात-सात दिवस सायकलवरून खाली न उतरता गोल फिरायचे. सायकलवरच जेवण, सायकलवरच अंघोळ. बाप सांगतो, अख्खं गाव बघायला लोटायचं, पाटलाची माणसं आणि आमची माणसं एकाच वर्तुळाला वेढा घालून उभी. बैल नाही, जमीन नाही, नुसत्या पायाच्या जोरावर माणूस गावाला सात दिवस खिळवून ठेवतो. ते त्यांनी पोटासाठी केलं. पण आम्हाला दाखवून गेले, की ह्या खेळाला घाट लागत नाही.

४

आता आमची शर्यत.

मागच्या भीमजयंतीला मंडळाने ठरवलं, मिरवणूक आणि डीजे यांच्यावर सगळी वर्गणी घालवायची नाही, पोरांसाठी काहीतरी करायचं. परवानगीचा अर्ज घेऊन आम्ही एका कचेरीत गेलो. साहेबाने अर्ज उलटापालटा करून विचारलं, "ट्रॅक आहे का?" नाही म्हटलं. "मग शर्यत कसली?" म्हणून त्याने अर्ज परत ढकलला. आम्ही रागात उठलो आणि तसंच करून टाकलं. ही आमची पहिली चूक. राग बरोबर होता, तयारी नव्हती.

सतरा पोरं फाट्यावर एका रेषेत उभी केली, शिट्टी मारली आणि सोडली. दुपारी चारची वेळ. डांबरी रस्ता, पुढं वळण, वळणावर ऊस उभा, पलीकडचं काही दिसत नाही. सगळी एकदम वळणात घुसली. समोरून टेंपो आला. टेंपोवाल्याने ब्रेक मारला म्हणून जीव वाचले. सात पोरं एकमेकांवर पडली. एकाच्या खांद्याचं हाड मोडलं. त्याच्या आईने मला विचारलं, "तू शिकलेला ना रे?" त्याला मी अजून उत्तर दिलेलं नाही.

निम्म्या सायकलींना ब्रेक नव्हते, ते आम्ही बघितलं नव्हतं. पुढं झेंडा घेऊन कुणी उभा नव्हता. गाडी सांगून ठेवली नव्हती. चाळीसगावच्या पुलावरचा टांगा आम्ही दुसऱ्यांदा हाकला. त्या बिचाऱ्याला कुणी शिकवलं नव्हतं. आम्हाला मात्र शिकता आलं असतं. आम्ही शिकलो नाही.

५

म्हणून मी शोधायला लागलो, की मैदान नसताना जगात कुणी सायकली पळवल्या का? तर मित्रांनो, सुरुवातच तशी आहे. ७ नोव्हेंबर १८६९ ला पॅरिसहून रुआँ या गावापर्यंत शर्यत झाली, १२३ किलोमीटर, साध्या रस्त्याने. चाकावर हवेची धाव नव्हती, ती डनलॉपने १८८८ साली आणली. १९०३ साली फ्रान्सला वळसा घालणारी तूर द फ्रान्स सुरू झाली. एका वर्तमानपत्राने खप वाढवायला काढलेली शर्यत, सहा टप्पे, दोन हजार चारशे किलोमीटरच्या वर, रस्ते कच्चे आणि बरंच पळणं रात्रीचं. ती पहिली शर्यत जिंकली मोरिस गारँ याने. हा माणूस लहानपणी घरांची धुराडी साफ करायचा. काजळीत हात घालणारा पोर फ्रान्सचा पहिला राजा झाला.

इंग्लंडची गोष्ट आपल्या जास्त कामाची. तिथल्या सायकल संघाने १८९० च्या दशकात रस्त्यावरच्या शर्यती बंद केल्या. घोडागाडीवाले साहेब चिडतात, पोलीस चिडतात, म्हणून. शर्यत करायची तर बांधलेल्या मैदानात करा, म्हणजे आमच्या साहेबाचंच वाक्य. तेव्हा बिडलेक नावाच्या माणसाने आणि त्याच्या क्लबाने १८९५ साली तोड काढली. सगळे एकदम सोडायचे नाहीत. एकेकाला सोडायचं, मध्ये ठरावीक वेळ. भल्या पहाटे, रस्त्यावर कुणी नसताना. अंगात काळे कपडे, बघणाऱ्याला कळूही नये की शर्यत चाललीय. जिंकणं-हरणं घड्याळावर. संघाची बंदी इतकी चिवट, की १९४२ साली पर्सी स्टॅलर्ड याने सगळ्यांना एकदम सोडून उघड रस्त्यावर शर्यत घेतली तेव्हा त्याला संघाने कायमचं काढून टाकलं.

एकेकाला सोडायचं आणि घड्याळावर मोजायचं! वाचताना मी पाळीवरच्या बाकड्यावर उभाच राहिलो. अरे, ही तर बारी! इंग्लंडमधल्या त्या माणसांनी जे शोधलं ते आमच्या घाटावर लहानपणापासून डोळ्यांपुढं होतं. आम्ही घाटाकडं रागाने बघितलं, त्यातलं शहाणपण बघितलं नाही.

आणि एक माणूस सांगितल्याशिवाय हा भाग संपवता येत नाही. मेजर टेलर. अमेरिकेतला काळा माणूस, जन्म १८७८. लहानपणी सायकलच्या दुकानात झाडलोट करायचा. १८९४ साली तिथल्या सायकलवाल्यांच्या मोठ्या संघाने ठराव केला, की काळ्या माणसाला सभासद करून घ्यायचं नाही. ह्या माणसाजवळ पाय होते आणि तिथं बांधलेली मैदानंही होती. पण कितीतरी मैदानांचं दार त्याला बंद, आत घेतलं तरी गोरे खेळाडू मिळून त्याला कोंडीत धरायचे, पाडायचे. तरी १८९९ साली माँट्रियलला तो जगज्जेता झाला. १९३२ साली शिकागोच्या इस्पितळात धर्मादाय खाटेवर मेला आणि बेवारशासारखा पुरला गेला. १९४८ साली जुन्या सायकलपटूंनी त्याला तिथून काढून नीट दफन केलं. आणि तो १८९४ चा ठराव त्या संघाने उघडपणे नाकारला कधी? १९९९ साली. एकशे पाच वर्षांनी.

यावरून मला कळलं ते असं. मैदान असणं वेगळं आणि मैदानात घेणं वेगळं. उद्या तालुक्यात सिमेंटचा ट्रॅक बांधला तरी त्याच्या दारावर कोण बसलाय हे बघावं लागेल. तोवर थांबायचं म्हणाल तर आपली एक अख्खी पिढी सायकलवरून उतरून चावडीपुढनं चालत जाईल.

६

यंदाची तयारी सांगतो, म्हणजे दुसऱ्या गावच्या मित्रांना उपयोग होईल.

जागा आम्ही कॅनॉलची पट्टी धरलीय. कुकडी प्रकल्पातलं आमचं डिंभे धरण घोड नदीवर आहे. ते बांधताना वरचे आदिवासी उठले, जुनं आंबेगाव पाण्यात गेलं. कॅनॉल आमच्या वस्तीजवळून जातो आणि पाणी पुढं दुसऱ्यांच्या उसाला जातं. आमच्याकडं जमीनच नाही तर पाणी मुरवायचं कुठं? पण कॅनॉलच्या कडेने पाटबंधाऱ्याचा मुरमाचा रस्ता आहे. सरळ, सपाट, गाड्या जवळजवळ नाहीत. पाणी नाही मिळालं, निदान पट्टी तरी वापरू. मात्र उन्हाळी आवर्तन सुटलेलं असेल आणि कॅनॉल भरून चालला असेल तर तिथं शर्यत नाही म्हणजे नाही. पोर पाण्यात गेलं तर शोधायचं कुठं?

वेळ पहाटे सहाची. ऊन नाही, वर्दळ नाही. एक किलोमीटर जायचं, पिंपाला वळसा घालून परत यायचं. एकेकानेच. मंडळाचा एक माणूस सुरुवातीला, एक पिंपापाशी, दोन मधे, हातात लाल फडकं आणि शिट्टी. कुणी माणूस, म्हैस, मोटारसायकल आली की फडकं वर आणि ती बारी रद्द, परत घ्यायची. शेजारी एक जीप उभी, तिचा ड्रायव्हर जागेवर. डोक्यावर हेल्मेट, मोटारसायकलीचं असलं तरी चालेल.

आणि आता मुख्य गोष्ट. सायकल एकच. आजाचीच, काळी, बावीस इंची, नवे ब्रेक घातलेली. सगळे तिच्यावरच पळणार. सीट वरखाली करायला पाना घेऊन एकजण उभा. बसणं, जाणं, येणं मिळून एकाला पाच-सहा मिनिटं लागतात, म्हणजे वीस जणांचे दोन तास. आठ वाजता सगळे घरी, मग वंदना, मग मिरवणूक.

एक सायकल ही आमची गरिबी होती. सराव घेतल्यावर कळलं की तीच आमची ताकद आहे. मागच्या साली गिअरची सायकल असलेलं एक पोर सगळ्यांच्या पुढं होतं. सरावात एका सायकलीवर तेच पोर चौथं आलं. पहिला आला तो ठाकरवाडीचा, ज्याच्या घरात सायकल कधीच नव्हती. घाटावर मालकाची किंमत मोजतात, इथं नुसते पाय मोजले गेले. २५ नोव्हेंबर १९४९ ला संविधान सभेत बाबासाहेबांनी बजावलं होतं, की राजकारणात एका माणसाला एक मत मिळेल, पण समाजात आणि पैशाअडक्यात माणसाची किंमत सारखी होणार नाही. ती विसंगती मिटवायला फार मोठी लढाई लागते. एक सायकल आणि एक घड्याळ तिला दोन तासांपुरती बाजूला सारतं, एवढंच मी म्हणतो.

७

राहिला रस्त्याचा प्रश्न. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात पुणे ग्रँड टूर नावाची आंतरराष्ट्रीय सायकल शर्यत झाली. मुळशी, मावळ, पुरंदर, बारामती अशी. परदेशातून खेळाडू आले. त्यांच्यासाठी रस्ते नव्याने गुळगुळीत केले, वाहतूक थांबवली, जागोजाग पोलीस उभे केले. कुणी विचारलं नाही, "ट्रॅक आहे का?" सरकारने मनात आणलं आणि रस्त्याचा ट्रॅक झाला. मला त्या शर्यतीचा राग नाही, उलट आनंद झाला. मैदान नाही म्हणून शर्यत नाही, हे कारण खोटं असल्याचा इतका मोठा पुरावा सरकारनेच दिला. आमचा नवा अर्ज त्या बातमीचं कात्रण जोडूनच गेलाय.

आणि रस्ता कुणाचा म्हणाल, तर ४ ऑगस्ट १९२३ ला मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा, शाळा अस्पृश्यांना खुल्या करा म्हणून. कागदावरचा तो हक्क पायाने चालून बजावायला चार वर्षांनी महाडला जावं लागलं. सार्वजनिक जागा वापरल्याशिवाय सार्वजनिक होत नाही. ह्या भागातले रस्ते तर फार जुने. नाणेघाटाने सातवाहनांच्या काळापासून माल जुन्नरला चढायचा, आणि जुन्नरच्या बौद्ध लेण्यांत कष्टकऱ्यांच्या श्रेणींची नावं कोरलीत. बांबूकाम करणारे, काशाची भांडी घडवणारे. त्यांची नावं दगडात राहिली. आमच्या फाट्याचा रस्ता १९७२ च्या दुष्काळात झाला. माझ्या आजीने तिथं खडी फोडली. तिचं नाव कुठंही कोरलेलं नाही. पण त्या खडीवर सायकल चालवायला मला कुणाला विचारायचं?

शेवटी एक आपलीच उणीव. मागच्या साली सतरा जणांत एकही पोरगी नव्हती. कुणी बंदी केली नव्हती, आमच्या डोक्यातच आलं नाही. घाटावर आम्ही नसतो तेव्हा गाववालेही नेमकं हेच म्हणतात. १९९० नंतरच्या दोन-तीन वर्षांत तामिळनाडूतल्या पुदुक्कोट्टै जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीने हजारो बायांना सायकल शिकवली. खाणीत राबणाऱ्या, शेतात राबणाऱ्या बायका. लोक टिंगल करत राहिले, त्या शिकत राहिल्या. यंदा आमच्या यादीत सहा पोरी आहेत. दोघी अजून दांड्याखालून पाय घालून अर्धं पायडल मारतात. त्यांच्यासाठी मंडळाने छोटी सायकल मागून आणलीय, त्या दोघींची बारी आपसात.

ज्या पोराचं हाड मोडलं होतं त्याच्या आईला मी परवा सगळं सांगितलं. पट्टी, फडकं, एकेकाने सोडणं, जीप. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, "घड्याळ कोण धरणार?" म्हटलं, अजून ठरलं नाही. म्हणाली, "मी धरते. पोरगं माझ्यासमोर गेलं आणि माझ्यासमोर आलं पाहिजे."

तेव्हा १४ एप्रिलला पहाटे सहा वाजता या. सायकल आणू नका, आमच्याजवळ आहे. येताना शिट्ट्या आणा, कमी पडतायत.

जयभीम.